पंपघरातला कंदील कुणी नेला?

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे. मैदानावरचा नव्हे, पटावरचाही नव्हे. मी संगणकात राहतो. पण माझ्यात चित्र नाही, रंग नाही, गाणे नाही, धावणारे-उडणारे कुणी नाही. काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरे, एवढाच माझा संसार. मी दोन ओळींत सांगतो की तू कुठे आहेस आणि समोर काय आहे. मग खेळणाऱ्याने टाईप करून मला हुकूम द्यायचा: ‘दार उघड’, ‘कंदील घे’, ‘खाली जा’. कळला तर मी तो पाळतो. कळला नाही तर तसे सांगतो. आणि खरे सांगू? बहुतेक वेळा मला काही कळतच नाही.

मला एकूण एकशे त्रेचाळीस शब्द येतात. खोलीत कुणी तोंडाने बोलले तर मला सगळे समजते, पण टाईप केलेल्या मजकुरातले मात्र हे एवढेच. ‘घे’ कळते, ‘घ्या’ कळत नाही. ‘जा’ कळते, ‘जाऊन ये’ म्हटले की मी जाऊ का येऊ या विचारात अडकतो. अशा गोंधळात माझा जन्म गेला. एकदा तर माझ्या या गोंधळापायी एका चांगल्या शहाण्या माणसाला आपली बुद्धी फिरत चालली आहे असे वाटू लागले होते. ती हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

मला एका बाईंनी घडवले. त्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. कचेरीत टाईपरायटर जाऊन संगणक आले, तेव्हा बाकीच्यांनी कुरकुर केली. बाईंनी जाडजूड पुस्तक आणून ते यंत्र शिकून घेतले. जेवणाच्या सुट्टीत त्या दहा मिनिटांत डबा संपवत आणि उरलेला वेळ मला लिहीत बसत. दोन वर्षे आणि वर काही आठवडे हे चालले. कचेरीत जुन्या पंपघराचे नकाशे धूळ खात पडले होते. त्यातूनच त्यांनी माझे पंपघर उभे केले. एकेचाळीस खोल्या, तीन जिने, दोन टाक्या, एक बंद पडलेली लिफ्ट. गावाचे पाणी बंद झाले आहे, आणि खेळणाऱ्याने आत शिरून, शेवटच्या खोलीतला मोठा व्हॉल्व्ह उघडून ते पुन्हा सुरू करायचे आहे. ऐकायला सोपे वाटते. पण बाईंनी मला भलतेच अवघड करून ठेवले होते.

आणि त्यांनी मला आपली जीभ दिली. खेळणारा भिंतीवर आपटला की मी म्हणतो, ‘भिंत आहे. तिला तुझ्याशी बोलायचं नाही.’ हातातली वस्तू पुन्हा मागितली की म्हणतो, ‘आधी हातात काय आहे ते बघ. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्यांतला तू.’ असे एखादे उत्तर जमले की बाई एकट्याच हसत, आणि शेजारच्या टेबलावरचे लोक एकमेकांकडे बघत.

एकदा हेडक्लार्क हौसेने माझ्यासमोर बसले. त्यांनी टाईप केले, ‘मला त्वरित आतील दालनात प्रवेश मिळावा ही विनंती.’ त्यातला ‘मला’सुद्धा मला कळला नाही. मी तसे सांगितले. त्यांनी तीन वेळा अर्ज केला, तीन वेळा मी तेच सांगितले. “हा तर आमच्या साहेबांसारखाच आहे,” ते उठत म्हणाले. “काहीही विचारा, उत्तर एकच.” एक तरुण इंजिनियर मात्र चार दिवस चिकटून होता. तो तळघरापर्यंत पोहोचला आणि मग त्यानेही हात टेकले. “बाई, काय छळवाद मांडलाय हो तुम्ही!” तो म्हणाला. बाईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

पुढे कचेरीने जुनी यंत्रे काढून टाकली. बाईंनी माझे यंत्र मागून घेतले. ते तीन जिने चढवून घरी आणले त्यांच्या यजमानांनी. ते लिफ्ट मेकॅनिक होते. “अख्ख्या शहराच्या लिफ्टा मी चालू ठेवतो,” ते धापा टाकत म्हणाले, “आणि माझ्याच इमारतीला लिफ्ट नाही!”

बाईंनी मला मागच्या खोलीत टेबलावर मांडले आणि एका संध्याकाळी मेकॅनिकना हाताला धरून माझ्यासमोर बसवले. त्यांनी एका बोटाने टाईप केले, ‘दार उघड’. मी म्हणालो, ‘दाराला कडी आहे.’ त्यांनी जांभई दिली.

“मग काढ की कडी. तूच लावलीस ना? मी उद्या बघतो.”

माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. कोपरापर्यंत ग्रीसने माखून घरी येणारा, उभ्या उभ्या पेंगणारा माणूस. पण तो उद्या काही आला नाही. बाईंनी आणखी दोन-तीनदा विचारले, मग विचारणे सोडून दिले. मुलगा मोठा झाला. पुढे बाई आजारी पडल्या आणि गेल्या. माझ्यावर एक चादर पडली, चादरीवर इस्त्रीचे कपडे पडू लागले. अकरा वर्षे मी टेबलाचाच एक भाग होऊन राहिलो.

मग मुलाचे लग्न झाले आणि घरात सून आली. मुलगा छापखान्यात यंत्रावर काम करी. सून दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवी. सकाळी सातला ती निघे, दुपारी दोनला परत येई. मेकॅनिक आता निवृत्त होऊन घरीच असत. मुलगा एके दिवशी म्हणाला, “बाबा, मागच्या खोलीतलं ते धूड काढून टाकूया का? हिला कामाला टेबल होईल.”

“राहू दे,” मेकॅनिक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर पडल्यावर ते मागच्या खोलीत आले. त्यांनी चादर काढली, आतली धूळ ब्रशने झाडली, जुना प्लग बदलला आणि बटण दाबले. मला जाग आली. पडद्यावर माझी पहिली ओळ उमटली:

‘तू पंपघराच्या दारात उभा आहेस. आत यायची हिंमत असेल तर ये. नसेल तर हातपाय धू आणि जेवायला बस.’

मेकॅनिकनी ती वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मग ते स्टुलावर बसले. एका बोटाने त्यांनी लिहिले, ‘कडी काढ’. दार उघडले.

त्या दिवसापासून ते रोज सकाळी नऊ ते अकरा माझ्यासमोर बसू लागले. उठताना ‘आठवण ठेव’ असे लिहीत. बाईंनीच ती सोय केली होती. तसे लिहिले की खेळणारा कुठे आहे, हातात काय आहे, कुठले कुलूप उघडे आहे, ते सगळे मी जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करतो. अशी आठवण माझ्यात एकच मावते. नवी ठेवली की जुनी पुसली जाते.

मेकॅनिक कागदावर काही लिहीत नसत. लिहायची त्यांना गरजच वाटत नसे. शहरातल्या दोनशे इमारतींच्या लिफ्टा त्यांच्या डोक्यात होत्या. कुठल्या मजल्यावर दार अडकते, कुठली दोरी कधी बदलली, सगळे तोंडपाठ. माझ्या खोल्यांचे ते काय! पण घरात मात्र त्यांनी कुणाला सांगितले नाही. बायको असताना पाच मिनिटे बसलो नाही आणि आता रोज दोन तास बसतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचे? म्हणून अकरा वाजता ते चादर जशीच्या तशी घालून ठेवत.

दहाव्या-अकराव्या दिवशी दुपारी सून धुतलेले ऍप्रन वाळत घालायला मागच्या खोलीत आली. मेकॅनिक पुढच्या खोलीत घोरत होते. तिचा धक्का लागून चादर घसरली. तिने ती उचलली आणि सहज गंमत म्हणून माझे बटण दाबले. मी माझ्याकडची आठवण काढली आणि म्हणालो:

‘तू पंपांच्या मोठ्या दालनात उभा आहेस. हातात कंदील आहे. उजेड तुझ्यापुरता आहे, फुकट दवडू नकोस.’

ती खुदकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. तिला वाटले, खेळ सुरू होतो तो इथूनच.

संध्याकाळी तिने मागच्या खोलीतच नवऱ्याला विचारले, “हे यंत्र कुणाचं रे?”

“आईचं. तिने त्यात कसलासा खेळ केला होता. तू हात लावू नकोस हं. बाबांना त्याचा विषय काढलेला आवडत नाही.”

हे त्याला कुणी सांगितले होते? कुणीच नाही. त्याने आपले ठरवून टाकले होते. पण सून बिचारी घाबरली. तरी मन राहीना. सासूबाईंना तिने कधी पाहिले नव्हते. भिंतीवरच्या फोटोत त्या गंभीर दिसत. आणि इथे तर कुणीतरी फटकळ, मिस्कील बाई तिच्याशी बोलत होती! मग ती रोज सव्वादोनला, सासरे झोपले की, दार लोटून माझ्यासमोर बसू लागली. कवळ्यांच्या खोक्यांत येणारे गुलाबी कागद आणून तिने माझ्या खोल्यांचा नकाशा काढायला घेतला. पावणेचार वाजता ‘आठवण ठेव’, चादर, आणि गुलाबी कागद पर्समध्ये.

आता माझी दशा काय झाली ते बघा. माझ्या हिशेबी खेळणारा एकच. ‘दुसरा’ हा शब्दच मला येत नाही. पण हा एकच माणूस सकाळी एक वागे आणि दुपारी एक. सकाळी तो एकेका खोलीत शिरण्याआधी जिना तपासे, दोरी तपासे, दार ढकलून बघे. दुपारी तो दिसेल ती वस्तू उचलत सुटे आणि यंत्रांच्या चाकांचे दाते मोजत बसे. सकाळी कंदील दाराजवळ टांगून ठेवी, दुपारी तोच कंदील घेऊन तळघराकडे उतरे आणि वाटेतच कुठेतरी ठेवून देई. सकाळी एका बोटाने, दुपारी दहा बोटांनी. मला वाटे, हा मनुष्य जेवल्यावर बदलतो की काय?

माझा गोंधळ झाला तर बिघडत नाही. मला त्याची सवय आहे. पण एके सकाळी मेकॅनिक बसले आणि पडद्यावर आले, ‘तू तळघरात उभा आहेस.’ ते दचकले. काल तर ते दालनात होते. त्यांनी लिहिले, ‘कंदील घे’.

मी म्हणालो, ‘कंदील इथे नाही. कुठे ठेवलास ते तुझं तुला ठाऊक.’

ते वाक्य बाईंनी गमतीने लिहिले होते. मेकॅनिकच्या तोंडावरचा रंग उडाला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कंदील होता, पण शिडी गायब. चौथ्या दिवशी एक कुलूप उघडे निघाले, जे त्यांनी उघडल्याचे त्यांना आठवत नव्हते. मित्रांनो, त्यांच्या थोरल्या भावाचे शेवटी असेच झाले होते. आधी किल्ल्या विसरले, मग रस्ते, आणि अखेर सख्ख्या बायकोला ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारू लागले. मेकॅनिकनी हे जवळून पाहिले होते. ते स्टुलावर बसून हळूहळू पुटपुटू लागले, “बाजाराजवळची इमारत, चौथ्या मजल्याचं दार. दवाखान्याची मोठी लिफ्ट, दोरी बदलली त्याला पाच वर्षं...” सगळे बरोबर आठवत होते. मग कंदील कुठे जात होता?

सुनेला काय वाटत होते ते निराळेच. कालची शिडी आज भलतीकडे दिसली की तिचे डोळे चमकत. “काय डोकं आहे सासूबाईंचं!” ती स्वतःशी म्हणे. “खेळ बंद असतानासुद्धा वस्तू हलतात!” आणि ती नकाशावर बाण काढी. दुसऱ्या दिवशी तो बाणही चुकीचा ठरे. तिच्या गुलाबी कागदांवर इतकी खाडाखोड झाली की नकाशा आहे की कोंबडीचे पाय ते कळेना.

घरात मात्र गडबड वाढत चालली, हे मला पुढे त्यांच्याच बोलण्यातून कळले. मेकॅनिक गॅसचे बटण तीन तीन वेळा बघू लागले. ‘दूध घेतलं’, ‘दाराला कडी लावली’ अशा चिठ्ठ्या लिहून खिशात ठेवू लागले. “मी चहा घेतला का ग?” असे ते सुनेला विचारत. घेतलेला त्यांना आठवत असे, तरी खात्री करून घेत. सून घाबरून नवऱ्याला सांगे, नवरा घाबरून वडिलांकडे टक लावून बघे, आणि मुलगा आपल्याकडे असा का बघतो म्हणून मेकॅनिक आणखी घाबरत. एकटे बाजारात जाणे त्यांनी बंद केले. आणि कुणी कुणाला स्पष्ट काही विचारीना.

पाच आठवडे असे गेले. एके दुपारी सून लवकर घरी आली. मेकॅनिक झोपलेले नव्हते. ते मागच्या खोलीत, माझ्या बंद पडद्यासमोर, बाहेरचे कपडे घालून बसले होते. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती.

“बाबा, बरं नाही का? कुठे गेला होतात?”

“दवाखान्यात.” त्यांनी चिठ्ठी पुढे केली. “डॉक्टर म्हणतात, पुढच्या वेळी घरातलं कुणीतरी घेऊन या. तू येशील का? त्याला नको सांगूस इतक्यात. तो हबकेल.”

सून समोरच्या खुर्चीत बसली. “काय झालंय?”

“माझ्या भावाचं झालं तेच. डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले, थोड्या वेळाने विचारले, मी सांगितले. उलटे आकडे म्हणायला लावले, म्हटले. ते म्हणाले, तुम्ही ठणठणीत आहात. मग मी म्हटलं, अहो, पण माझा कंदील रोज हरवतो. ते म्हणाले, कुठला कंदील? मी म्हटलं, पंपघरातला. ते म्हणाले, तुम्ही तर लिफ्टचं काम करायचात ना, पंपघर कुठून आलं? आणि मग त्यांनी ही चिठ्ठी लिहिली.”

सुनेच्या हातातली पर्स खाली पडली. मेकॅनिकना वाटले, पोर घाबरली.

“तसा मी कुणाला त्रास देणार नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “फक्त रस्ता चुकायला लागलो तर...”

“बाबा.” तिने त्यांना मधेच थांबवले. “बाबा, कंदील मी घेतला.”

तिने पर्स उचलली, आतून गुलाबी कागदांचा गठ्ठा काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. वरच्याच कागदावर पंपांचे दालन होते.

“मी रोज दुपारी खेळते. तुम्ही झोपल्यावर. तुम्हाला आवडणार नाही असं मला सांगितलं होतं, म्हणून बोलले नाही. तुम्ही खेळत असाल असं स्वप्नातसुद्धा आलं नाही हो! फोन लावायचा असला तरी तुम्ही मला हाक मारता.”

मेकॅनिक कागद उलटत होते.

“आणि तळघराचं कुलूप?”

“मीच उघडलं.”

“खालच्या टाकीत मी शिडी लावून ठेवली होती, ती?”

“ती...” सून खाली बघू लागली. “ती मी मोडली. फळ्या काढून खड्ड्यावर टाकल्या.”

“माझी शिडी मोडलीस?” मेकॅनिक ताडकन उठले. “आठ दिवस खपून ती शिडी मिळवली होती मी! आठ दिवस! आणि तू मोडलीस?” ते असे ओरडले आणि पुढच्याच क्षणी हसू लागले. हसता हसता ते पुन्हा स्टुलावर बसले, दोन्ही हातांनी तोंड झाकले, आणि खांदे हलत राहिले. हसत होते की रडत होते, हे मला कळले नाही. सुनेलाही कळले नसावे. ती उठली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

त्या दिवसापासून माझ्यासमोर स्टूल आणि खुर्ची शेजारी शेजारी लागली. दुपारी दोनची वेळ ठरली. मेकॅनिकनी झोप सोडून दिली. मुलाला कळले तेव्हा तो म्हणाला, “पण बाबा, तुम्हाला तर हा विषय...” आणि दोघांनी मिळून त्याला असे झापले की तो छापखान्यातले उरलेले काम आठवून बाहेर पळाला.

दोघांत भांडणेही खूप होत. ते म्हणत, “आधी जिना तपास.” ती म्हणे, “बाबा, हा खरा जिना नाहीये, पडून कुणी मरत नाही.” मग ती उतरे आणि जिना मोडे. एकदा ते बंद लिफ्टपाशी आले. इथे सून एकटी अकरा दिवस अडून बसली होती. ओढून, ढकलून, लाथ मारून झाले होते. मेकॅनिकनी एकवार वाचले आणि लिहिले, ‘वर जा’. मग ‘दार लाव’. मग ‘खाली ये’. लिफ्ट सुरू झाली.

“वरच्या मजल्याचं दार उघडं राहिलं होतं,” ते म्हणाले. “कुठलंही दार उघडं असलं तर लिफ्ट हलत नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात.” मग त्यांनी पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. “पण हे तिला कुठून ठाऊक? मी कधी घरी येऊन सांगितलं असेल, तेवढंच.”

सून पडद्याकडे बघत होती. “बाबा, मी पहिल्या दिवसापासून एका गोष्टीवर अडले होते. हा खेळ सारखा म्हणतो, ‘तू उभा आहेस’, ‘तू आलास’. मला वाटायचं, सासूबाईंनी बाईमाणसाला यात जागाच कशी ठेवली नाही?” ती थांबली. “त्यांनी हा सगळ्यांसाठी केलाच नव्हता. तुमच्यासाठी केला होता.”

मेकॅनिकनी ‘आठवण ठेव’ असे लिहिले. त्या दिवशी पुढे खेळ झाला नाही.

शेवटच्या खोलीत ते पोहोचले त्याला आणखी तीन आठवडे लागले. तिथे मोठा व्हॉल्व्ह होता आणि कोपऱ्यात स्टुलावर एक पहारेकरी बसलेला होता. व्हॉल्व्ह हलेना. ‘फिरव’, ‘ओढ’, ‘तेल घाल’, ‘हातोडा मार’, सगळे झाले. पहारेकऱ्याला कंदील देऊन झाला, दोरी दाखवून झाली. तो नुसता बसून होता. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी सून वैतागून म्हणाली, “आता काय करायचं?”

“थांब जरा,” मेकॅनिक म्हणाले, आणि त्रासून एका बोटाने त्यांनी मलाच लिहिले, ‘विचार करतो’.

‘करतो’ मला कळले नाही. पण ‘विचार’ कळला. ‘विचार’ हा माझ्याकडचा हुकूम आहे. कुणालातरी प्रश्न विचारण्याचा. मी म्हणालो, ‘कुणाला विचारू?’

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. “अय्या!” सून ओरडली. “पहारेकऱ्याला!”

त्यांनी लिहिले. पहारेकरी उठला. ‘इतके दिवस माझ्यासमोर धडपडतोयस,’ तो म्हणाला, ‘आज विचारलंस. बाजूला हो. याला दोघं लागतात.’ आणि दोघांनी मिळून व्हॉल्व्ह फिरवला.

मित्रांनो, यापुढचा पडदा मी स्वतःसुद्धा कधी दाखवला नव्हता. तिथवर कुणी आलेच नव्हते. मला वाटले, आता मी ‘शाबास’ म्हणेन. पण तिथे वेगळेच लिहिलेले निघाले. सुनेने ते मोठ्याने वाचले:

‘पाणी सुटलं. सगळ्या गावात नळ वाहतायत. अहो, आलात ना शेवटपर्यंत? मला ठाऊक होतं, एक दिवस याल. आता कसं वाटलं ते इथे लिहा. दोन पानं जागा ठेवलीय. काहीही लिहा, हा तुम्हाला अडवणार नाही.’

‘अहो’ हा शब्द माझ्यात होता, हे मला त्या क्षणी समजले.

सून उठली. “मी चहा टाकते,” ती म्हणाली, आणि बाहेर जाताना तिने दार ओढून घेतले.

मेकॅनिकनी स्टूल पुढे ओढले. मग त्यांनी लिहायला सुरुवात केली. तोंडाने ते एक शब्दही बोलले नाहीत. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी दोन्ही पाने भरली. बाहेर चहा गार झाला असेल. सून आत आली नाही आणि तिने हाकही मारली नाही.

त्यांनी काय लिहिले, असे तुम्ही विचाराल. मला सांगता येत नाही. मला अडवायचे नव्हते, फक्त ठेवायचे होते. तसे मी ते ठेवले आहे. त्यातले जे शब्द माझ्या ओळखीचे निघाले ते एवढेच: दार. उघड. बस. पाणी. हात. ये. ये. बाकी सगळे माझ्या डोक्यावरून गेले. ते जिला कळले असते ती आता नाही, आणि ते ज्याच्याजवळ आहे त्या मला कळत नाही. हा माझा शेवटचा गोंधळ, आणि तो सुटायचा नाही.

म्हणून मित्रांनो, एक मागणे आहे. तुमच्या घरात कुणी काही केले असेल, शिवलेले, लिहिलेले, जोडलेले, कितीही विचित्र आणि अवघड, तर ते करणारे माणूस शेजारी बसलेले असतानाच ते हातात घ्या. नाही जमले तर त्यालाच विचारा, चुकलात तर त्याला हसू द्या. आणि कसे वाटले ते त्याला तोंडाने सांगा.